बियाणे होते, वाफसा नव्हता

डिशच्या तळाशी चिकटलेल्या लाखो पेशी, आणि त्यांच्यावर जी-४१८ या औषधाचा मारा. एकेक पेशी तळ सोडते, गोल होते, मरून तरंगू लागते. काही आठवड्यांनी तळाशी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच ठिपके उरतात. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी १९९९ मध्ये जगापुढे ठेवलेला प्रयोग याच ठिपक्यांवर उभा होता. हेपॅटायटिस सी विषाणूच्या आरएनएतील कवचाची जनुके काढून तिथे त्यांनी जी-४१८ पचवणारे जनुक बसवले आणि हा तुकडा पेशींत सोडला. तुकडा स्वतःच्या प्रती काढू लागला तरच पेशी जगणार होती. बहुतेक मेल्या. ज्या जगल्या, त्यांनी एका दशकाची कोंडी फोडली.

कोंडी विचित्रच होती. विषाणूची ओळख १९८९ मध्येच पटली होती. १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांच्या गटाने प्रयोगशाळेत घडवलेला संपूर्ण आरएनए चिंपांझीच्या यकृतात टोचला, आणि प्राण्याला हेपॅटायटिस झाला. म्हणजे बियाणे अस्सल होते. तरीही डिशमधल्या पेशींत ते रुजत नव्हते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमिनीला वाफसाच आलेला नव्हता.

ही जमीन म्हणजे हू-७ नावाची पेशींची जात. एका जपानी पुरुषाच्या यकृताच्या कर्करोगातून ती १९८२ मध्ये जपानमध्ये तयार झाली. माइन्झच्या प्रयोगात जगलेल्या पेशींतील आरएनएमध्ये बदल झाले होते, आणि पुढे त्यातल्या काही बदलांमुळे तो अधिक जोमाने वाढतो हे दिसून आले. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नव्हते. राइस यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशींना इंटरफेरॉन देऊन त्यांतील विषाणूचा आरएनए पुसून टाकला आणि रिकाम्या झालेल्या पेशींत तो नव्याने सोडला. आता तो मूळ हू-७ पेक्षा कितीतरी सहज रुजला. विषाणू गेला तरी जमीन तयारच राहिली होती. या पेशी हू-७.५ म्हणून ओळखल्या जातात. २००५ मध्ये त्यामागचे एक कारण सापडले: परक्या आरएनएची चाहूल लागताच धोक्याची सूचना देणारे रिग-१ हे प्रथिन या पेशींत बिघडलेले होते. त्याच्या ५५व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले होते, एवढेच. राखणदार झोपला होता. मात्र हे बिघडलेले प्रथिन हा एकमेव खुलासा नाही, हेही नंतरच्या प्रयोगांनी दाखवले.

२००५ मध्येच ताकाजी वाकिता यांच्या गटाने एका जपानी रुग्णाकडून मिळालेल्या जेएफएच-१ या विषाणूपासून, पेशींना लागण करू शकणारे पूर्ण कण डिशमध्ये तयार केले. संशोधनाला वेग आला. पण यकृताच्या पेशीच का, हा प्रश्न उरलाच.

दारापासून पाहू. आत शिरायला विषाणूला एकच किल्ली पुरत नाही. सीडी-८१ या प्रथिनाची किल्ली १९९८ मध्ये सापडली, एसआर-बी१ २००२ मध्ये, क्लॉडिन-१ २००७ मध्ये, ऑक्लुडिन २००९ मध्ये. शेवटची दोन प्रथिने शेजारशेजारच्या पेशींना घट्ट जोडून ठेवणारी. उंदराच्या पेशीत मानवी सीडी-८१ आणि ऑक्लुडिन असले की विषाणूला प्रवेश मिळतो. उंदराला हेपॅटायटिस सी का होत नाही, याचे निदान दारापुरते उत्तर तरी इथे मिळाले.

आतली गोष्ट आणखी नवलाची आहे. मायक्रोआरएनए हे छोटे तुकडे सहसा इतर आरएनएचा आवाज बंद करतात. यकृताच्या पेशींत विपुल असलेला एमआयआर-१२२ मात्र हेपॅटायटिस सीच्या आरएनएच्या अगदी टोकाशी दोन ठिकाणी चिकटतो आणि त्याला टिकून राहायला मदत करतो. स्टॅनफर्डमध्ये पीटर सार्नो यांच्या गटाने २००५ मध्ये हू-७ पेशींतला हा तुकडा अडवला, तेव्हा विषाणूचा आरएनए सुमारे ८० टक्क्यांनी घटला. यकृताने स्वतःच्या कामासाठी बनवलेली वस्तू विषाणूने आधार म्हणून वापरावी, यासारखा ‘यकृतच का’ याचा ठोस पुरावा क्वचितच मिळतो. हा तुकडा अडवण्यावर बेतलेल्या मिराविर्सन या औषधाच्या ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच साप्ताहिक इंजेक्शनांनंतर रक्तातील विषाणू घटला. मात्र बाजार जिंकला तो सोफोसबुव्हिरसारख्या, थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालणाऱ्या गोळ्यांनी.

तरी एक सल होता. रुग्णाच्या रक्तातला विषाणू, कोणताही बदल न करता, हू-७ मध्ये वाढतच नव्हता. मोहसन सईद, राइस आणि सहकाऱ्यांनी हजारो मानवी जनुके या पेशींत घालून पाहिली. त्यातून २०१५ मध्ये एसईसी-१४-एल-२ हे नाव पुढे आले. व्हिटॅमिन ईशी जोडले जाणारे हे प्रथिन निरोगी यकृतात असते, हू-७ मध्ये नसते. ते घालताच रुग्णांच्या रक्तातले विषाणू या पेशींत वाढू लागले. पेशीतील मेद ऑक्सिजनमुळे खराब होऊ न देण्यात त्याची मदत होते, असे प्रयोगांतून दिसते.

हेपॅटायटिस सीवर लस मात्र अजून नाही. लसीची परीक्षा घ्यायला प्रतिकारशक्ती शाबूत असलेला छोटा प्राणी लागतो. अमेरिकेने चिंपांझींवरचे असे प्रयोग जवळपास थांबवले आहेत. न्यूयॉर्कच्या घुशींमध्ये २०१४ मध्ये या विषाणूचा एक नातेवाईक सापडला, आणि २०१७ मध्ये राइस यांच्या गटाने तो साध्या उंदरांत रुजवला. निरोगी उंदीर काही आठवड्यांत त्याला परतवून लावतात. पण लागणीपूर्वी प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ टी पेशी काही काळ काढून टाकल्या, तर तो उंदराच्या यकृतात मुक्काम ठोकतो.