गुलाबाला कात्री कुठे लावायची?

गुलाबाच्या छाटणीची चर्चा बहुधा कापाच्या कोनाभोवतीच फिरते. काप तिरका हवा, डोळ्याच्या पाव इंच वर हवा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला हवा. हे नियम चुकीचे नाहीत. पण त्याहून मोठा निर्णय आधीच झालेला असतो, तो म्हणजे दांडा कोणत्या डोळ्यावर कापायचा. नवी फूट केव्हा येईल आणि किती लांब होईल, हे बरेचसे त्यावर ठरते.

फुलापासून दांड्यावरून खाली नजर फिरवा. फुलालगतच्या पानांना तीनच पर्णिका असतात. त्यांच्या बेचक्यातले डोळे टोकदार, फुटायला उतावीळ. पण त्यांची फूट आखूड, काडीसारखी निघते. खाली पाच पर्णिकांची पाने लागतात, तिथले डोळे भरदार. बुडाशी मात्र ते चपटे, सालीत रुतलेले असतात. ते उशिरा फुटतात, पण त्यांची फूट लांब होते आणि फुलाआधी जास्त पाने धरते. शेंडा असेपर्यंत हे सगळे दबून का राहतात, याचा मोठा धागा थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांना १९३० च्या दशकात सापडला. त्यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे खुडले आणि कापावर ऑक्झिन हे संप्रेरक लावले, तेव्हा खालचे डोळे दबलेलेच राहिले. वाटाण्यावरच्या २०१४ मधल्या प्रयोगांनी त्यात भर घातली: शेंडा जाताच पानांतली साखर डोळ्यांकडे वळते आणि सुरुवातीची चालना तीच देते.

मग लांब दांड्यासाठी नेहमी खोलवरच कापावे, असे कोणी म्हणेल. पण साखर तयार करणारी पानेही त्या दांड्यासोबत जातात. झुडूप भरलेले असेल तर ते हा तोटा सोसते. कोवळे रोप वारंवार सोसू शकत नाही. पॉलिहाऊसमधले शेतकरी म्हणूनच कमजोर फांद्या कापून न टाकता वाकवून ठेवतात. त्यांची पाने अन्न बनवत राहतात आणि बुडातून जाड दांडे येतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने १९९० च्या दशकात काही झाडे कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट छाटली. डोळा बघून छाटलेल्या झाडांपेक्षा त्यांना फुले कमी आली नाहीत. म्हणजे डोळ्याची जागा बिनमहत्त्वाची? मला तसे वाटत नाही. तिथे अख्ख्या झुडपाचा बहर पाहिला गेला. यंत्राने कापलेल्या अनेक फांद्यांपैकी काहींवर चांगला डोळा वरच्या टोकाला येतोच, आणि काडी-पानेही जास्त शिल्लक राहतात. अंगणात बहर हवा असेल तर हा धडा मनावर घ्यावा, कोनाची धास्ती सोडावी. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये मात्र दांड्याची लांबी मोजून दर ठरतो, तिथे प्रत्येक कापाचा डोळा निवडावाच लागतो.

कुंडीत नुकत्याच लावलेल्या रोपाचे फूल आखूड दांड्यानेच तोडा. रोप जोमात आल्यावर खाली उतरा, पण कापाखाली पाच पर्णिकांची निदान दोन पाने राहू द्या. निवडलेल्या डोळ्यावर लांब खुंटी मात्र ठेवू नका. ती वाळते आणि मर तिथूनच खाली उतरते.