गर्भधारणेपूर्वी तंबाखू सोडणे

गर्भधारणेपूर्वी तंबाखू सोडणे म्हणजे मूल होऊ देण्याचा निर्णय घेतलेल्या स्त्रीने व तिच्या जोडीदाराने दिवस राहण्याच्या आधीच तंबाखूचे सर्व प्रकार बंद करणे. यात सिगारेट व विडीइतकाच मशेरी, गुटखा आणि चुना-तंबाखू यांचाही समावेश होतो.

गर्भाच्या प्रमुख अवयवांची जडणघडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. या काळाच्या आरंभी अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. त्यामुळे पाळी चुकल्यावर व्यसन सोडू, असे ठरवल्यास आरंभीचे काही आठवडे हातचे जातात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूचा पुरवठा घटवतो, तर निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. गर्भपात, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, वार वेळेआधी सुटणे, अकाली प्रसूती व बाळाचे कमी वजन यांचा धोका त्यामुळे वाढतो. पुरुषाच्या धूम्रपानाने शुक्रजंतूंची संख्या व हालचाल मंदावते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने पुरुषाने किमान तीन महिने आधी थांबणे इष्ट ठरते.

मशेरी

महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण व श्रमिक स्त्रियांमध्ये, धूम्रपानापेक्षा मशेरीचा प्रश्न मोठा आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली जाते व ती दातांना आणि हिरड्यांना लावली जाते. दात घासण्याचे साधन म्हणून सुरू झालेली ही सवय पुढे दिवसातून अनेकदा लागते. ती घरात उघडपणे चालते आणि व्यसनात मोजली जात नाही. म्हणून ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणे दिले जाऊ शकते. ‘दात कशाने घासता?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

मशेरीत धूर नसला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या पाहणीत (२००४ मध्ये प्रसिद्ध) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी, तर गर्भकाळ सुमारे सहा दिवसांनी लहान आढळला. या स्त्रियांमध्ये मशेरीचाच वापर प्रामुख्याने होता. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

सोडताना होणारा त्रास

चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड व बद्धकोष्ठता ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असतात व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. मशेरी लावल्याशिवाय शौचास होत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. भरपूर पाणी, पालेभाज्या व फळे यांनी ती कमी होते. हा त्रास गर्भारपणातील मळमळीच्या काळात सोसण्यापेक्षा आधी उरकणे सोपे जाते. शिवाय निकोटीनयुक्त च्युइंगगम किंवा इतर औषधे वैद्यकीय सल्ल्याने वापरण्यास गर्भधारणेपूर्वी अधिक मोकळीक असते. सासू किंवा नवरा घरातच तंबाखू वापरत असल्यास एकट्या सुनेचा निश्चय टिकणे कठीण. घरातील मशेरीचा डबा सर्वांसाठीच बंद व्हावा लागतो. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

आधी सोडणे जमले नसले तरी गर्भारपणात थांबण्याचा लाभ होतोच. पंधराव्या आठवड्यापूर्वी धूम्रपान सोडलेल्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचे व खुरट्या वाढीच्या बाळांचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांइतकेच असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.