अतिभक्षण : रक्ताचा वारसा आणि घरचे ताट

बेळगाव-निपाणीच्या परिसरात पाहुणचाराची ओळख आग्रहावरून पटते. कुंदा असो वा मांडा, नको म्हणणे हा यजमानाचा अवमान ठरतो. अशा समाजात अति खाणे हा आजारही असू शकतो, हे सहजी पटत नाही.

पंगतीत चार घास अधिक जाणे हा अर्थातच आजार नव्हे. थोड्या वेळात इतरांहून पुष्कळ अधिक खाणे, हात आवरता न येणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि मागाहून स्वतःचीच किळस वाटणे, असे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडत राहिले, तर वैद्यकशास्त्र त्यास अतिभक्षण-विकार म्हणते. आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान दिले.

हा विकार येतो कोठून? 'खाण तशी माती' म्हणून आपण मोकळे होतो. त्यात तथ्यांश आहे. नॉर्वेतील जुळ्या भावंडांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या बाबतीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा सुमारे ४१ टक्के भाग आनुवंशिक आढळला. रुग्णाच्या जवळच्या नातलगांत हा विकार इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो, असे २००६ सालच्या अमेरिकन संशोधनात दिसले. आणि हे केवळ स्थूलतेमुळे नव्हे. मात्र यास कोणतेही एकच जनुक जबाबदार नाही.

परंतु घर केवळ रक्त देत नाही. ते बोलही देते. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या १९९८ सालच्या अभ्यासात, आईवडिलांचे नैराश्य, बालपणीची स्थूलता आणि वजन, बांधा वा खाण्यावरून वारंवार केलेली टीका यांचा या विकाराशी संबंध आढळला. आपल्याकडे एकाच ताटावर 'पानात टाकू नकोस' असा दटावा असतो आणि 'किती सुटलास' असा टोमणाही. मग मूल खाणे लपवू लागते. त्यावर सक्तीची उपासमार लादली, तर पुढच्या खेपेस हात अधिकच सुटतो.

म्हणून अशा मुलास 'खादाड' म्हणू नये. मानसोपचाराने हा विकार आटोक्यात येतो. धारवाडची डिमहान्स संस्था जवळ आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. जनुके आपल्या हाती नाहीत. जेवताना मुलाशी काय बोलावे, हे मात्र निश्चित आहे.