पाइप दांडगा, पंप नाजूक

चार इंची, शेड्यूल ४० चा, साधा कार्बन स्टीलचा सरळ पाइप घ्या. दोन्ही टोके पक्की बांधा आणि तापमान फक्त १०० अंश सेल्सिअसने वाढवा. पाइप लांबायला बघतो, जागा मिळत नाही. तो मध्येच वाकला नाही, तर टोकांवर सुमारे ५० टनांचा रेटा येतो. पाइप एक मीटर असो की दहा मीटर, रेटा तेवढाच! आता अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे पंपांचे मानक, एपीआय ६१०, उघडा. पोलादी पंपाच्या चार इंची नॉझलवर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावर, सगळ्या दिशांचा मिळून जोर किती चालतो? ५७० पौंड, म्हणजे जेमतेम २६० किलो. हा ५० टनांचा दांडगोबा २६० किलोंत बसवायचा, हेच पाइप स्ट्रेसवाल्यांचे रोजचे काम. ह्यूस्टनमध्ये असो वा ह्यूस्टनच्या प्रकल्पावर बसलेल्या पुण्याच्या ऑफिसात, लढाई हीच.

यात खरा मित्र एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा तुकडा. एल्बो वाकला की त्याचा गोल छेद किंचित चपटा होतो, म्हणून तो तेवढ्याच जाडीच्या सरळ पाइपपेक्षा कितीतरी लवचिक वागतो. याचे गणित थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये मांडले. पुढे अमेरिकेत जाऊन ते कॅलटेकचे आणि विमानविद्येचे मोठे नाव झाले. पण त्याच एल्बोला थेट फ्लँज जोडला, की छेद चपटा व्हायला अडतो, लवचिकपणा घटतो आणि नॉझलवरचा भार वाढतो. दोन्ही बाजूंना फ्लँज असेल तर आणखीच. ड्रॉइंगवर ही जोडणी आटोपशीर दिसते, म्हणून हमखास नजरेतून सुटते.

लवचिकपणाचा भव्य नमुना अलास्कात आहे. १९७७ मध्ये सुरू झालेली ४८ इंची, ८०० मैलांची ट्रान्स-अलास्का पाइपलाइन जमिनीवरच्या पट्ट्यात मुद्दाम नागमोडी टाकली आहे. थंडी-उन्हाने लांबी बदलली की ती सपोर्टवर आडवी सरकते. ३ नोव्हेंबर २००२ रोजी डेनाली फॉल्टवर ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, खालची जमीन सरकली, पाइपही सरकला, आणि तेलाचा थेंब सांडला नाही. मला तर ही पाइपिंगमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पण पाइप पुन्हा पुन्हा वाकला की थकतो. केंटकीतल्या लुइव्हिलला ट्यूब टर्न्स नावाच्या कारखान्यात अभियंते ए. आर. सी. मार्कल चार इंची पाइप आणि फिटिंग्ज मशीनवर इकडून तिकडे वाकवत बसले, गळती लागेपर्यंत. १९५२ च्या त्यांच्या निबंधातून आलेला नियम आजही पाइपिंगच्या कोडच्या मुळाशी आहे. त्यातली एक गोष्ट अंगावर काटा आणते: ताण दुप्पट केला, तर आयुष्य बत्तीसपट घटते. दुप्पट ताणाला निम्मे आयुष्य, असा हिशेब इथे चालत नाही. कोडमधला ७,००० फेऱ्यांचा जुना आकडाही याच घराण्यातला. रोज एकदा प्लांट तापला आणि थंड झाला, तर तो साधारण १९ वर्षे पुरतो.

वाफेच्या टर्बाइनच्या नॉझलवर किती भार चालतो, तो हिशेब पाकिटाच्या मागे मावतो. नेमा एसएम २३ हे मानक म्हणते: बल पौंडांत घ्या, तिप्पट करा, त्यात फूट-पौंडांतला मोमेंट मिळवा, आठ इंचांपर्यंतच्या नॉझलला ही बेरीज इंचांच्या ५०० पटींवर जाता कामा नये. कंप्रेसरवाल्यांनी एपीआय ६१७ मध्ये हाच हिशेब घेतला आणि मर्यादा १.८५ पट केली.

आता फ्लँज. क्लास १५० म्हणजे १५० पीएसआय, असे निम्मे जग समजते. साध्या कार्बन स्टीलचा क्लास १५० फ्लँज थंडपणी २८५ पीएसआय झेलतो आणि ३१६ अंशांवर १४० वर येतो. शिवाय पाइपचा मोमेंट फ्लँजला एका बाजूने उघडायला बघतो. केलॉग कंपनीच्या पद्धतीत हा मोमेंट काल्पनिक दाब समजून खऱ्या दाबात मिळवतात: सोळा गुणिले मोमेंट, भागिले पाय गुणिले गॅस्केटच्या व्यासाचा घन. करून बघा. चार इंची फ्लँजपासून एक मीटरवर ७० किलोंचा माणूस पाइपला लोंबकळला आणि गॅस्केटचा व्यास १४० मिमी धरला, तर उत्तर सुमारे १८५ पीएसआय येते. म्हणजे २८५ पैकी दोन तृतीयांश त्या एका माणसाने खाल्ले! ही पद्धत फार सावध आहे, हे खरे. म्हणूनच तिच्यात नापास झालेला फ्लँज पुढच्या बारीक गणितात बऱ्याचदा पास होतो.

व्हेसलच्या नॉझलला अचल अँकर धरले, तर भार उगाच फुगून येतो, कारण व्हेसलची भिंतही थोडी दबते. कॉर्नेल विद्यापीठातल्या बायलार्ड यांच्या कामावर उभे राहिलेले १९६५ चे डब्ल्यूआरसी १०७ हे बुलेटिन भिंतीतला ताण सांगते. भिंत किती दबते, ते १९८४ च्या डब्ल्यूआरसी २९७ मध्ये. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या कोएड कंपनीने सीझर टू हे सॉफ्टवेअर काढले आणि हे सगळे पीसीवर आले.

साइटवर मात्र निकाल डायल गेजच लावतो. कपलिंगवर गेज बसवायचे, पाइपच्या फ्लँजचे बोल्ट एकेक करून आवळायचे आणि काट्यावर नजर ठेवायची. एपीआय ६८६ प्रमाणे शाफ्ट ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. हलला, तर बोल्ट सोडून पाइपच नीट करायचा. तसाच ताणून बसवलेला पाइप पुढे सील आणि बेअरिंग खातो, आणि दोष पंपाच्या माथी येतो.