पायलट विझते, म्हणून बटणाला खुंटी मारू नका!

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या पौषात धाकट्या बहिणीकडे सूर्यमाळला (ता. मोखाडा, जि. पालघर) जाणे झाले. डोंगरमाथ्यावरचे गाव, पहाटे अंथरुणातून पाय बाहेर काढवत नाही अशी थंडी. दाजींकडे जुना गॅस गिझर आहे. मोठा बर्नर पेटवण्यासाठी त्यात एक छोटी ज्योत सतत तेवत असते, तिला पायलट म्हणतात. ही ज्योत बटण सोडले की विझायची. दाजींनी कंटाळून दाबलेल्या बटणावर लाकडाची खुंटीच ठोकली होती! "आता नाही विझत," म्हणाले. मी आधी खुंटी काढली, मग चहा घेतला.

अशी खुंटी आपल्याकडेही असते, विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये. हिरवे बटण दाबले की नोव्होल्ट कॉइल स्टार्टर धरून ठेवते, वीज गेली की सोडते. गिझरमध्ये हेच काम थर्मोकपल करते. त्याचे टोक पायलटच्या ज्योतीत तापले की अगदी किंचित वीज तयार होते. तेवढ्यावर लोहचुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत विझली की टोक निवते, झडप बंद. खुंटी मारल्यावर मात्र ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मग एक ठिणगी पुरे.

तेव्हा क्रमाने पाहा:

१) गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याच्या बटणालाही हात नको. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

२) वास नसेल तर पायलट पेटवून बटण अर्धा ते एक मिनिट दाबून धरा. टोक तापायला वेळ लागतो. पुष्कळदा घाईच नडते.

३) ज्योत निळी हवी आणि टोक तिच्यात हवे. पिवळी, लुकलुकती ज्योत म्हणजे काजळी किंवा कोळ्याचे जाळे. गॅस बंद करून, गिझर गार झाल्यावर मऊ ब्रशने साफ करा. तार खुपसू नका, भोक मोठे होते.

४) खिडकीचा झोत थेट ज्योतीवर येतो का, तेही पाहा.

५) एवढे करूनही विझते? थर्मोकपल गेले असेल. ते बदलणे मिस्त्रीचे काम.

दाजींच्या गिझरची काजळी आम्ही काढली, तरी ज्योत टिकेना. शेवटी जव्हारहून मिस्त्री आला, त्याने थर्मोकपल बदलले आणि काम झाले. दोन दिवस पाणी चुलीवर तापले, बिघडले काहीच नाही.

आणखी एक. काही गिझरमध्ये हवा कोंदट झाली की पायलट आपणहून विझावी अशी योजना असते. बंद न्हाणीघरात गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

हंगामात पहाटे तोडीवर जायची घाई सर्वांनाच असते. पण विझणारी ज्योत कटकट करत नसते, राखण करत असते. घरी गेल्यावर गिझर बघा. आणि हो, स्टार्टरही!

आपला,
ऊस विकास अधिकारी