शास्त्री मार्केटमधील धडा

बदली होऊन चंदीगडला आलो, सेक्टर २२ मध्ये बिऱ्हाड केले आणि पन्नाशीत सूक्ष्म अर्थशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम हाती घेतला. केंद्र सरकारच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर तो घरबसल्या विनामूल्य शिकता येतो, प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

‘मागणीची लवचिकता’ तीनदा ऐकूनही उमगेना. उमगली ती शास्त्री मार्केटमध्ये! हप्ते थकलेले एक दुकानदार भाव १० टक्के वाढवून तूट भरून काढणार होते. शेजारी तोच माल, तोच भाव. पाचांतले एक गिऱ्हाईक जरी पलीकडे गेले, तरी १०० रुपयांची विक्री ८८ वर येईल, असा हिशेब मी मांडून दाखवला. त्यांनी भाव वाढवले नाहीत. मुदत वाढवून मागितली.

माझी परीक्षा तोंडावर आली आहे. आलेखांची धास्ती कायम आहे.