पृथ्वी का तापतेय? आजोबांचं खरं की पुस्तकाचं?



मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. तापमानवाढ, कोळसा, धूर असं फळ्यावर लिहीत होते. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमचे आजोबा म्हणतात हे निसर्गाचं चक्र आहे. बहात्तरचा दुष्काळ कोणत्या कारखान्यामुळे पडला होता?"

वर्ग हसला. मी गडबडले आणि "पुस्तकात दिलंय तेच बरोबर" असं म्हणून पुढे गेले. त्या मुलाचा पडलेला चेहरा मात्र दिवसभर डोळ्यांसमोर राहिला. आजोबा खोटे नाहीतर पुस्तक खोटं, असे दोनच पर्याय मी त्याच्यापुढे ठेवले होते. म्हणून नीट वाचून दोन दिवसांनी तोच तास पुन्हा घेतला. तो असा.

आजोबांचं काय बरोबर आहे?

आधी हेच फळ्यावर लिहिलं. १९७२ चा दुष्काळ खरा होता. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, हेही खरं. पण भूगोलात आपण 'हवा' आणि 'हवामान' असे दोन वेगळे शब्द शिकतो. आजची किंवा या वर्षीची स्थिती म्हणजे हवा. तीस-चाळीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. एका दुष्काळावरून तापमानवाढ सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

माणूस नव्हता तेव्हाही पृथ्वीचं हवामान बदलत होतं, हिमयुगं येऊन गेली, हेसुद्धा खरं आहे. पण पूर्वी कणगीतलं धान्य उंदीर खायचे, म्हणून आज कुलूप तोडून नेलेलं पोतंही उंदरानेच नेलं असं म्हणता येईल का? मुलं एका सुरात म्हणाली, "नाही!" मग म्हटलं, चला, या वेळचा चोर शोधू.

संशयित कोण कोण?

१. सूर्य. सूर्यामुळेच पृथ्वी उबदार आहे, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा सतत मोजत आहेत. ती साधारण अकरा वर्षांच्या चक्रात थोडी कमी-जास्त होते, पण एकूण वाढलेली नाही. पृथ्वीचं तापमान मात्र याच काळात वाढत गेलं. शिवाय सूर्य कारण असता, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर हा थर थंड होतोय.

२. पृथ्वीची कक्षा. हिमयुगांमागे हे मोठं कारण होतं. सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी त्याचं गणित मांडलं. पण हे बदल हजारो वर्षांत होतात, शंभर-दीडशे वर्षांत नाही.

३. ज्वालामुखी. यांतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण माणूस दरवर्षी जेवढा सोडतो, त्याच्या तुलनेत तो एक टक्काही भरत नाही.

४. माणूस. जमीन तापली की उष्णता वर फेकते. त्यातली काही कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. जॉन टिंडल यांनी हे १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये केलं. म्हणजे ही कालपरवाची टूम नाही.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा तो सुमारे ३१५ होता. आता ४२० च्या पुढे गेलाय.

पण हा वाढलेला वायू आपलाच कशावरून? त्याच्यावर ठसे आहेत! जिवंत झाडात कार्बन-१४ असतो. कोळसा आणि खनिज तेल लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांपासून बनलेलं, त्यामुळे त्यातला कार्बन-१४ कधीच संपून गेलाय. ते जळलं की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात हे दाखवून दिलं.

मग लोक भांडतात कशावर?

इथे तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात.

*कारण कोणतं?* यावर शास्त्रज्ञांमध्ये आता वाद उरलेला नाही. माणसामुळेच पृथ्वी तापली आहे, यात शंका नाही, असं आयपीसीसीने २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं.

*किती तापेल?* इथे खरी अनिश्चितता आहे. ढग कसे वागतील, कुठे पाऊस वाढेल, कुठे घटेल, यावर अभ्यास चालू आहे.

*करायचं काय, खर्च कोणी सोसायचा?* हा राजकारणाचा आणि न्यायाचा प्रश्न. भारताचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, मग आपण किती भार उचलायचा, यावर मतभेद असणारच.

गंमत अशी, की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नको असलं की लोक पहिल्याच प्रश्नावर शंका घेतात. अमेरिकेत तेल आणि कोळसा उद्योगांनी १९८९ मध्ये 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची संघटना काढून हेच केलं. ती २००२ मध्ये बंद झाली. टीव्हीवर एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा बसवला, की बघणाऱ्याला वाटतं शास्त्रज्ञही निम्मे-निम्मे आहेत.

शंका घेणं वाईट का?

अजिबात नाही. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना जुन्या तापमान नोंदींवर शंका होती. त्यांनी गट जमवून सगळ्या नोंदी स्वतः तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं, की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळेच आहे. शंका घेतली, तपासलं आणि मत बदललं. मुलांना शिकवायचं ते हेच.

आणि माझी एक कबुली. ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते, असं मी तीन वर्षं शिकवत होते. ते चूक आहे. ओझोनचा प्रश्न वेगळा, तो अतिनील किरणांचा. हेही मी वर्गात सांगितलं. मॅडमसुद्धा चुकतात म्हटल्यावर मुलांना फार आनंद झाला!

तास संपल्यावर त्या मुलाला म्हटलं, "आजोबांना चुकलात म्हणू नकोस. बहात्तरला विहिरीला पाणी कुठपर्यंत होतं, थंडी कधी सुरू व्हायची, ते विचारून वहीत लिहून आण." दुसऱ्या दिवशी दोन पानं भरून आली. खाली आजोबांची सही होती आणि त्यांचा एक प्रश्नही: "कार्बन-१४ म्हणजे काय ते मॅडमना परत विचार."

पालकांनो, घरी असा प्रश्न आला तर मुलाला गप्प करू नका. "आपल्याला हे कशावरून कळलं?" एवढंच विचारा.